चषकाचे सामने कोठे व्हावेत?

विद्यार्थ्यांच्या तक्रारी शिक्षकांनी फारशा मनावर घेऊ नयेत, असा एक जुना संकेत आहे, आणि तो बहुधा पाळलेलाच बरा असतो. गृहपाठ फार झाला, तास लांबला, मधल्या सुटीची घंटा उशिरा वाजली, ह्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत व पुढेही चालतील. परंतु गेली काही वर्षे आमच्या शाळेतील फुटबॉलप्रेमी मुलांच्या तोंडून एक निराळीच तक्रार ऐकू येते, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही, असे मला वाटू लागले आहे. ती अशी की, मोठ्या चषकांचे सामने कोठे भरवावयाचे हे ठरविणे ज्यांच्या हाती आहे, ते लोक सामना पाहावयास येणारा मनुष्य कोठे राहतो, किती लांबून येतो आणि रात्री घरी कसा परततो, ह्याचा विचारच करीत नाहीत. "सर, सामना पुण्यात होतो तेव्हा आम्हांला आत सोडत नाहीत, आणि आत सोडतात तेव्हा सामनाच दुसऱ्या गावी जातो," असे नववीतील एका विद्यार्थ्याने मला ऐकविले. वाक्य चटकदार होते. आणि चटकदार वाक्ये बहुधा अर्धीच खरी असतात. तेव्हा ह्यातील खरा अर्धा भाग कोणता, हे शांतपणे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घडले ते सांगतो. सन २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत स्त्रियांच्या आशियाई चषकाची स्पर्धा आपल्या देशात, किंबहुना आपल्याच राज्यात झाली. मुंबईस अंधेरीचे मैदान, नवी मुंबईस डी. वाय. पाटील क्रीडांगण आणि पुण्यास बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल, अशी तीन ठिकाणे मुक्रर झाली होती. जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम येथील नामांकित खेळाडू बालेवाडीच्या हिरवळीवर खेळून गेल्या. दोन्ही उपांत्य सामने ३ फेब्रुवारी रोजी तेथेच झाले. त्यांपैकी एकात चीनने जपानला पेनल्टीच्या ठोक्यांवर हरविले व पुढे चषकही जिंकला. इतका मोठा सामना आपल्या नगरीत झाला, आणि पुणेकरांनी तो पाहिला कोठे? तर घरच्या दिवाणखान्यात, पडद्यावर! करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांस आत मज्जाव होता. ह्यात दोष कोणाचाच नव्हता. यजमान भारतीय संघातील खेळाडूच आजारी पडल्यामुळे त्या संघाला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले होते. मग प्रेक्षकांची कथा काय? परंतु मुलांच्या मनात एक ओरखडा उठला तो उठलाच.

दुसरा प्रसंग पुढच्याच वर्षाचा. मुंबई सिटी हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीग ह्या स्पर्धेत खेळणार होता. अंधेरीचे त्याचे नेहमीचे मैदान त्या स्पर्धेस चालण्याजोगे नसल्यामुळे त्याने बालेवाडीचे मैदान घरचे म्हणून धरले. ऑगस्ट २०२३ मध्ये गट ठरले, तेव्हा इराणचा नस्साजी, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि सौदी अरबस्तानचा अल-हिलाल असे तीन प्रतिस्पर्धी त्याच्या वाट्यास आले. अल-हिलालने त्याच महिन्यात ब्राझिलचा नेमार आपल्याकडे घेतला होता. नेमार बालेवाडीस येणार! ही वार्ता आमच्या शाळेत ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने सहामाहीचे वेळापत्रकही कधी पसरले नसेल. मुलांनी खाऊचे पैसे साठवावयास आरंभ केला. बालेवाडीस जाणाऱ्या बसचे क्रमांक तोंडपाठ झाले. पुढे नस्साजीशी सामना १८ सप्टेंबरला बालेवाडीत झाला, नवबहोरशी ४ डिसेंबरला बालेवाडीत झाला. परंतु मधला, ६ नोव्हेंबरचा, अल-हिलालशी व्हावयाचा सामना तेवढा नवी मुंबईस डी. वाय. पाटील क्रीडांगणावर गेला. नेमार तर आलाच नाही. ऑक्टोबरात स्वदेशाकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली होती. मुंबईकरांनी तो सामना दोन गोलांनी गमावला. पण आमच्या मुलांच्या दृष्टीने पराभव त्याआधीच झालेला होता.

आता ह्यावर माझे मत स्पष्टच सांगतो. मोठा सामना मोठ्या मैदानावर नेणे, हे तत्त्वतः चूक नव्हे. बालेवाडीच्या मैदानात बारा हजारांच्या आसपास माणसे बसतात, डी. वाय. पाटीलच्या मैदानात त्याच्या तिपटीहून अधिक. जो सामना पाहण्यास मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथून लोक धावणार, तो अधिकांस पाहता यावा ही इच्छा न्याय्यच आहे. शिवाय संघ मुंबईचा. मुंबईच्या चाहत्यांनी आपल्याच संघाचे 'घरचे' सामने पाहण्याकरिता दीडशे किलोमीटरांचा घाट चढून यावे, तेही सोमवारी रात्री, हा त्यांच्यावरही अन्यायच होता. तिन्ही सामने सोमवारचेच होते. नोकरदार मनुष्य सोमवारी दुपारी कचेरी सोडून पुण्यास येतो, रात्री सामना पाहतो, पहाटे घरी पोहोचतो आणि मंगळवारी पुन्हा कामावर हजर होतो. त्याची कीव करावी तितकी थोडीच. तेव्हा ह्या कलहात पुणेकर तेवढा पीडित आणि मुंबईकर तेवढा लाभार्थी, असे म्हणणे खरे होणार नाही. दोघांचीही फरफटच झाली. फक्त निरनिराळ्या दिवशी झाली.

मग आमच्या मुलांना लागले ते काय? त्यांना लागले ते हे की, साधे दिवस पुण्याचे आणि सणाचा दिवस दुसऱ्याचा, अशी वाटणी झाली. अडचणीत असताना ज्याच्या ओसरीवर बिऱ्हाड टाकले, त्याला मंगलकार्याचे निमंत्रण मात्र आपल्या दारी येण्याचे, असा तो व्यवहार त्यांना दिसला. ही भावना मला समजते. तथापि मी वर्गात त्यांना एक प्रश्न विचारला. "नस्साजीचा सामना बालेवाडीतच होता. तुमच्यापैकी किती जण गेला होता?" अडतीस मुलांच्या वर्गात तीन हात वर झाले. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, दुसऱ्या दिवशी गणपती होते." हे उत्तर वरवर हास्यास्पद वाटते, परंतु ते अगदी खरे होते. १९ सप्टेंबर २०२३ रोजी गणेशचतुर्थी होती. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पुण्याचे रस्ते कसे असतात, हे पुणेकराला सांगावयास नको. आणि घरोघरी आरास, मखर, पूजेची तयारी चालू असता, कोणते पालक मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकास रात्रीचा सामना पाहावयास धाडतील? स्पर्धेचा दिवस आखणाऱ्या परदेशस्थ गृहस्थांस गणेशचतुर्थी ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांच्याशी बोलणी करणारे कोणी तरी आपल्याकडचेही असतीलच ना?

आणि हे 'दुसरे टोक' म्हणजे काय, हेही बाहेरगावच्या वाचकांस समजले पाहिजे. आपली बिबवेवाडी शहराच्या दक्षिणेस, मार्केट यार्डाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. आणि बालेवाडी वायव्येस, मुंबईच्या रस्त्यावर. मध्ये अठरा-वीस किलोमीटरांचे अंतर. स्वारगेट, शिवाजीनगर, विद्यापीठ, औंध असे करीत जा, नाही तर कात्रजवरून महामार्गाने वारजे, चांदणी चौक असे वळसा घेऊन जा. संध्याकाळच्या वेळी बसने दीड तास तरी गृहीत धरावाच लागतो. स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली ती २०२४ साली. त्या सामन्यांच्या वेळी तीही नव्हती. सामना रात्री दहाच्या सुमारास सुटावयाचा. त्यानंतर चौदा वर्षांच्या मुलाने घरी परतावयाचे कसे? रिक्षास द्यावे लागणारे भाडे तिकिटाच्या किमतीहून अधिक होते. ज्यांच्या घरी मोटार आहे, त्यांची मुले गेली, इतरांची राहिली. तीन हातांचे रहस्य एवढेच.

सामन्यांचे स्थान निवडण्याचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट मोठी मौजेची दिसते. ज्यांच्या मालकीचा चषक, त्यांच्या सोयीचे गाव, हाच नियम प्रथमपासून चालत आला आहे. ड्युरँड चषक ही आपल्या देशातील सर्वांत जुनी स्पर्धा. ती १८८८ साली सिमल्याच्या बाजूस सुरू झाली. कारण उन्हाळ्यात सरकार सिमल्यास जाई, पलटणी त्या डोंगरांत असत, आणि ज्यांच्या नावाने चषक दिला ते सर मॉर्टिमर ड्युरँड परराष्ट्रखात्याचे चिटणीस होते. पायथ्याच्या गावांतील हिंदी मनुष्याने तो सामना पाहावा, हा विचार कोणाच्या स्वप्नातही नसेल. १९४० साली ही स्पर्धा दिल्लीस आली, आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकली. २०१९ पासून तिचे मुख्य ठाणे कोलकाता आहे. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. पहिला विजेता वुस्टरशायर पलटणीचा संघ. पुढे ही स्पर्धा कूपरेजच्या मैदानावर नांदली, आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स ह्या हिंदी संघाने तो चषक हस्तगत केला. कूपरेज हे मैदान चर्चगेटच्या स्थानकावरून पायी जाता येण्याजोगे. ह्या साध्या गोष्टीचे महत्त्व आज कोणी ध्यानात घेत नाही. कचेरी सुटली, की मनुष्य मैदानावर आणि मैदान सुटले, की आगगाडीत, अशी ती सोय होती. पुढे शंभराहून अधिक वर्षे चालून ती स्पर्धा २००० सालच्या सुमारास बंद पडली. तेव्हापासून मुंबईस चषकाचे असे आपले, ठरलेले, वर्षानुवर्षांचे ठिकाण राहिले नाही. आणि पुण्यास तर ते कधी नव्हतेच.

कलकत्त्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने अनवाणी खेळाडूंच्या बळावर ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी बाहेरगावच्या लोकांसाठी खास आगगाड्या व आगबोटी सोडल्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. परक्या सत्तेच्या काळात, स्वदेशी संघाचा सामना पाहण्याकरिता जाणाऱ्या लोकांस जर गाडी मिळू शकली, तर आज सामना सुटल्यावर बालेवाडीहून बिबवेवाडीस बस का मिळू नये, हा प्रश्न मला तरी सुटत नाही.

कोणी म्हणेल, हे दुःख आपल्याच नशिबी आले आहे. तसे मुळीच नाही. फुटबॉलची जन्मभूमी जे इंग्लंड, तेथेही हीच रड आहे. तेथील एफ. ए. चषकाचे दोन्ही उपांत्य सामने २००८ पासून लंडनच्या वेम्बली मैदानावरच होतात. पूर्वी ते दोन्ही संघांस मध्यवर्ती पडेल अशा तिसऱ्याच गावी होत. एप्रिल २०२२ मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी ह्या दोन संघांची गाठ पडली. ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे पुण्याहून फार तर शिरवळ. पण सामना तीनशे किलोमीटरांहून दूर लंडनला! त्यात ईस्टरच्या सुटीत लोहमार्गाची कामे निघाल्यामुळे दोन्ही शहरांतून लंडनला सरळ जाणारी गाडीच नव्हती. दोन्ही नगरांच्या महापौरांनी सामना हलविण्याविषयी जोडीने पत्र लिहिले. उपयोग झाला नाही. अखेर चालकांनी काही हजार लोकांसाठी फुकट बसगाड्यांची सोय केली. १६ एप्रिलला लिव्हरपूलने ३–२ असा विजय मिळविला, तो पाहावयास लोक गेलेच. प्रेक्षक हा असा मनुष्य आहे की, त्याला कितीही दूर धाडले तरी तो शिव्या देत का होईना जातो. आणि तो जातो म्हणूनच त्याला पुन्हा दूर धाडतात.

त्याच्याही पूर्वी, मे २०१९ मध्ये, लंडनच्याच दोन संघांचा, आर्सेनल व चेल्सी ह्यांचा, युरोपा लीगचा अंतिम सामना अझरबैजानमधील बाकू येथे झाला. मैदान साठ हजारांहून अधिक माणसांचे. पण दोन्ही संघांच्या चाहत्यांस प्रत्येकी सहा हजारांच्या आसपासच तिकिटे मिळाली, कारण तितके लोक उतरवून घेण्याचे सामर्थ्य तेथील विमानतळास नव्हते. आर्सेनलचा आर्मेनियन खेळाडू म्खितार्यान तर दोन राष्ट्रांतील वैरामुळे गेलाच नाही. शेजारच्या दोन आळ्यांतील भांडण मिटवावयास लोकांनी समुद्र ओलांडून जावे, असाच तो प्रकार. आपल्याकडे ह्याची बरोबरी झाली ती मार्च २०२३ मध्ये. संतोष चषक म्हणजे राज्याराज्यांतील सामने, आपल्या देशातील अगदी घरगुती स्पर्धा. तिचे उपांत्य व अंतिम सामने सौदी अरबस्तानात रियाध येथे झाले! कर्नाटकाने मेघालयास ३–२ असे हरविले. कर्नाटकाने तो चषक पन्नासांहून अधिक वर्षांनी जिंकला, आणि मेघालय प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत गेला. म्हणजे बंगळूर आणि शिलाँग ह्या दोन्ही गावी त्या रात्री दिवाळी व्हावयाची. आदल्याच वर्षी केरळात मंजेरी येथे हीच स्पर्धा झाली, तेव्हा मैदान माणसांनी फुलून गेले होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रियाधच्या त्या भल्या थोरल्या मैदानातील रिकाम्या खुर्च्या पाहून काय वाटले असेल? खेळाडूंना परदेशी मैदानाचा अनुभव मिळाला, असे त्याचे समर्थन केले गेले. खेळाडूंस अनुभव मिळालाही असेल. परंतु ज्या आईने शिलाँगच्या डोंगरात मुलाचे बूट शिवून आणले, तिने तो सामना कोठून पाहावयाचा?

स्थान बदलण्यास कारण असते तेव्हा लोक ते समजून घेतात, हाही माझा अनुभव आहे. २०१६ साली राज्यात दुष्काळ होता, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या आज्ञेने क्रिकेटचे आय. पी. एल. सामने एप्रिलअखेरनंतर महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले, आणि पुण्याच्या संघाचे घर विशाखापट्टणम् झाले. पुणेकर क्रिकेटवेडे खरे. पण पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता, कोणी फार कुरकुर केली नाही. उलट २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत क्षोभ झाला, तेव्हा तेथील सामने आपल्या गहुंजे येथे आले. त्या संघाने आपल्या चाहत्यांसाठी चेन्नईहून पुण्यापर्यंत खास आगगाडीची तजवीज केली, आणि पिवळे सदरे घातलेली माणसे पुणे स्थानकावर उतरली. संघाने आपल्या माणसांची आठवण ठेवली, हे दृश्य मला तरी सामन्यापेक्षा अधिक आवडले.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची हकीकतही येथे सांगितली पाहिजे. त्या वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम झाला. आमच्याही शाळेच्या पटांगणात पावसाळी चिखलात मुले खेळली. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारताचे सामने नवी मुंबईस व्हावयाचे, असे आधी ठरत होते. पण ते तिन्ही दिल्लीस गेले. राजधानीत यजमान संघ खेळावा, हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. तरी कोल्हापूरच्या मनुष्याला नवी मुंबई एका रात्रीच्या प्रवासाची आणि दिल्ली दीड दिवसाची, हा फरक राहतोच. त्याच स्पर्धेत ब्राझिल व इंग्लंड ह्यांचा उपांत्य सामना पावसाने मैदान खराब झाल्यामुळे ऐनवेळी गुवाहाटीहून कोलकात्यास हलविला. आसामच्या लोकांच्या हातात तिकिटे होती, पण सामना गेला. खराब मैदानावर खेळाडूचा पाय मोडण्यापेक्षा सामना हलविणे बरे, हे मी मान्य करतो. परंतु गुवाहाटीच्या त्या मुलांची समजूत कोणी घातली असेल?

कोल्हापूरचे नाव निघालेच आहे, तर तेथील रीतही सांगतो. कारण ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तेथे दिसते. तेथे शाहू स्टेडियम भर वस्तीत आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम असे संघ पेठापेठांचे. आजोबा, बाप आणि नातू एकाच संघाचे. सामना कोठे, हा प्रश्नच कोणास पडत नाही. दुपारी जेवून माणसे पायी निघतात आणि दिवेलागणीस घरी येतात. हुल्लड होते, कधी मारामाऱ्याही होतात, आणि त्या अत्यंत निंद्य आहेत. पण तेथे प्रेक्षक कोणी मोजूनमापून आणावे लागत नाहीत. गोव्यातही तेच. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्यांनी शिवोली गावी फुटबॉल आणला असे सांगतात. आज गावोगाव चर्चच्या पुढ्यातील मैदानावर तो खेळ दिसतो. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी एफ. सी. गोवा आणि सौदी अरबस्तानचा अल-नस्र ह्यांचा सामना मडगावजवळ फातोर्डा येथे झाला. रोनाल्डो येणार म्हणून सर्वत्र गाजावाजा झाला. तो आलाच नाही. पण गोव्याचा सामना गोव्यातच राहिला, यजमान १–२ असे झुंजून हरले, आणि लोक आपल्याच गावच्या मैदानातून घरी गेले.

पुण्याचे दुर्दैव असे की, येथे मैदान आहे पण त्यात राहणारे कोणी नाही. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले. २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवक स्पर्धा झाल्या. २००७ साली पुणे एफ. सी. हा संघ निघाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये तो दुसरा आला. तीन वर्षांच्या आत तो मोडला. २०१४ साली एफ. सी. पुणे सिटी निघाला. तोही २०१९ मध्ये मोडला व त्याची जागा हैदराबादने घेतली. ज्या घरात कायमचे बिऱ्हाड नाही, त्या घराचा उपयोग लोक धर्मशाळेसारखा करणारच. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणतो की, अल-हिलालचा सामना नवी मुंबईस गेला ह्याचा राग धरू नका. नेमार एका रात्रीचा पाहुणा. राग धरावयाचाच असेल, तर सात वर्षांच्या आत ह्या शहराने आपले दोन संघ गमावले, ह्याचा धरा. आपला संघ असता, तर चषकाच्या सामन्यास स्थान मागावयाचा अधिकार आपोआप आला असता.

हा प्रश्न केवळ मोठ्यांच्या चषकांचा नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलींचा संघ एका आंतरशालेय चषकाच्या उपांत्य फेरीत गेला. सामना शाळेपासून तीन किलोमीटरांवर होता. आदल्या दिवशी संध्याकाळी चालकांचा निरोप आला की, ठिकाण बदलले आहे. आता सामना शहराच्या पलीकडे, सकाळी साडेसातला. नदीपलीकडच्या त्या मैदानावर पोहोचावयाचे तर मुलींनी साडेपाचला घर सोडले पाहिजे. चार मुलींच्या घरून नकार आला. ते पालक मागासलेले नाहीत, मुलींच्या खेळास त्यांचा विरोधही नाही. जवळच्या मैदानावर त्यांतील दोघीजणींच्या माता स्वतः डबा घेऊन येणार होत्या. अंधारात, अनोळखी भागात, ऐनवेळी ठरलेल्या ठिकाणी मुलीस धाडावयास त्यांचे मन घेईना, ह्यात मी त्यांना नावे ठेवणार नाही. आमच्या संघात राखीव खेळाडू दोनच होत्या. आम्ही नऊ मुलींनिशी उभे राहिलो आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाऊन हरलो. बदलाचे कारण विचारले, तेव्हा "मैदान उपलब्ध झाले नाही" असे चार शब्दांचे उत्तर मिळाले. मैदान कोणास दिले होते, ते पुढे कळले: एका सराव शिबिरास, अधिक भाड्याने.

तेव्हा आम्ही मागतो तरी काय? प्रत्येक सामना आमच्या दारी व्हावा, असा हट्ट कोणी शहाणा धरणार नाही. सामन्याचे ठिकाण तिकीट विकण्यापूर्वी ठरावे, आणि एकदा ठरल्यावर पाऊस, रोगराई, दंगा अशा कारणांवाचून बदलू नये. बदललेच तर कारण उघडपणे सांगावे आणि बदललेल्या ठिकाणी जाण्याची सोय ज्याने बदल केला त्याने करावी. लिव्हरपूल-मँचेस्टरच्या लोकांस बसगाड्या मिळाल्या, चेन्नईच्या लोकांस आगगाडी मिळाली, हे मी वर सांगितलेच आहे. पाहुण्या शहराचे मैदान वापरावयाचे, तर त्यास निदान एक तरी चांगल्या दिवसाचा सामना द्यावा. रात्रीच्या सामन्याची वेळ शाळकरी मुलांचा विचार करून ठेवावी. ह्यात खर्चाचे असे फारसे काही नाही. आणि पालकांस माझी विनंती एवढीच की, मुलगा सामन्यास जातो म्हणाला, तर 'अभ्यास कोण करणार' हा प्रश्न पहिला न विचारता 'परत कसा येणार' हा प्रश्न विचारावा. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने द्यावयाचे आहे, पण दुसऱ्याचे उत्तर आपण मोठ्यांनी मिळून द्यावयाचे आहे.

बालेवाडीस पुन्हा कधी चषकाचा सामना आला, मग समोर अल-हिलाल असो वा नस्साजी असो, तर आमच्या शाळेतून पन्नास मुले व सहा शिक्षक येण्यास तयार आहेत. तिकिटांचे पैसे आम्ही आगाऊ भरू. सामना सुटल्यावर बालेवाडीहून स्वारगेटमार्गे बिबवेवाडीपर्यंत येणारी एक बस तेवढी हवी. नावांची यादी मजपाशी तयार आहे. तीत एकोणीस नावे मुलींची आहेत.